एका इंचाची फट

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जेकब झूक नावाचा माणूस शोधायला गेलात तर फसाल. तिथल्या आमिश लोकांत, म्हणजे वीज-मोटारी टाळणाऱ्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथात, नावं मोजकी आणि माणसं ढीगभर; एका हाकेला चार जेकब ओ देतात. म्हणून मग प्रत्येकाला टोपणनाव असतं. आपला जेकब तो ‘इंच जेक’. साठी ओलांडलेला, पांढऱ्या दाढीचा हा सुतार जेवणाची टेबलं बनवतो आणि त्यांच्या सांध्यात कागदसुद्धा शिरत नाही. सूतभर माप चुकलं की फळी सरळ जळणात जाते. अक्रोडाच्या लाकडावर रोजचा रस्सा शिजणारं आपलंच एक घर, असं त्याची बायको मलिंडा येईल त्याला ऐकवते.

अशा माणसाने मागच्या वर्षी मुद्दाम मधोमध फट ठेवून टेबल बनवलं. तेही लेकीच्या लग्नासाठी.

त्याचं मूळ मोठ्या लेकीत होतं. एस्थर एकोणीस वर्षांची असताना बाप्तिस्मा घेऊन मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या समाजात, आली आणि वर्षभरातच तिने नर्स व्हायचं ठरवलं. आमिश शाळा आठवीला संपते. पुढे शिकायचं तर उंबरठा ओलांडावा लागतो. बाप्तिस्म्याआधी गेली असती तर कुणी ब्र काढला नसता. पण देवापुढे दिलेला शब्द मोडला म्हणून मंडळीने तिला वाळीत टाकलं. त्याला मंडळीतल्या प्रत्येकाचा होकार लागतो. जेकनेही दिला. ‘हो’ म्हणताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही, आणि याचंच त्याला पुढे अकरा वर्षं वाईट वाटत राहिलं.

वाळीत टाकलं म्हणजे दार बंद केलं असं नव्हे. एस्थर घरी यायची, आईला भांडी घासू लागायची, बापाचं ब्लडप्रेशर बघून डोळे वटारायची. फक्त तिच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही आणि तिच्या हातून काही घ्यायचं नाही. तिचं ताट खिडकीपाशी, वेगळ्या छोट्या टेबलावर. एकाच खोलीत दोन टेबलं आणि कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, असं काही दिवस चाललं. मग ती जेवणाच्या वेळा चुकवून यायला लागली.

त्या वर्षीच्या वसंतात मलिंडाने परसात सेलरीचे चार वाफे लावले. आमिश लग्नाच्या जेवणात सेलरी लागते ढिगाने, त्यामुळे शेजारणींनी काय ते ओळखलं. धाकट्या सूझीचं लग्न नोव्हेंबरात ठरलं होतं.

“डॅट, मला बाकी काही नको,” सूझी एक दिवस कारखान्यात येऊन बापाला म्हणाली. “माझ्या लग्नात एस्थर आपल्याबरोबर जेवायला हवी.”

“ते मी कोण ठरवणार?”

“पण टेबलं तर तूच बनवतोस ना!” एवढं बोलून ती निघून गेली. जेकने रंधा खाली ठेवला. त्या दिवशी त्याच्याकडून एकही फळी सरळ तासली गेली नाही.

लाकूड आणायला त्याला गाडी लागायची. आमिश माणूस स्वतः गाडी बाळगत नाही, पण दुसऱ्याच्या गाडीत बसायला त्याची ना नसते. जेकची ठरलेली व्हॅन गिरिजा काकूंची. काकू मूळच्या साताऱ्याच्या. पार्सिपनी गावातली नोकरी संपवून लेकाजवळ राहायला आलेल्या. आमिश नसलेले सगळे या लोकांच्या लेखी ‘इंग्लिश’, त्यामुळे डब्यात थालीपीठ घेऊन फिरणाऱ्या काकूही इंग्लिशच.

जेकने वाटेत सगळं सांगितलं, तशा काकू म्हणाल्या, “अहो, एवढं काय टेन्शन घेताय? दोन टेबलं चिकटवून लावा, वर टेबलक्लॉथ टाका. कोणाला कळतंय?”

“मला कळेल,” जेक म्हणाला.

दोन सिग्नल गेले, मग काकू आपणहून बोलल्या. “माझ्या आत्याने जातीबाहेर लग्न केलं होतं. घरात कार्य असलं की तिचं पान ओसरीवर, एकटीचं. पंगत आत. कधीतरी मिटेल, कधीतरी मिटेल असं म्हणता म्हणता आत्याच गेली. अजून कुठल्या लग्नात जेवायला बसले ना, जेक, की माझी नजर आधी दाराबाहेर जाते.”

जेकने खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याने लपवलं नाही.

घरी आल्यावर त्याने सगळ्यांत देखणी फळी निवडली आणि बरोबर मध्यावर कापली. दोन टेबलं केली, स्वतंत्र पायांची, एकाच उंचीची. समोरासमोर मांडली की लाकडाची नक्षी इकडून निघून तिकडे पोचायची, मध्ये इंचभर फट सोडून. नियम एका टेबलाचा होता आणि ही टेबलं दोन होती. पण लपवून करायचं असतं तर काकूंचा सल्ला काय वाईट होता! लग्नाच्या आदल्या सकाळी त्याने मंडळीचे म्हातारे बिशप लेव्ही यांना घरी बोलावलं. बिशप नाही म्हणाले तर एस्थरचं ताट पुन्हा खिडकीपाशी जाणार होतं, आणि मग ती पुन्हा आली असती असं जेकला वाटत नव्हतं.

बिशपनी काही न विचारता जेकचीच मोजपट्टी उचलली आणि फटीवर धरली.

“एक इंच.”

“हो.”

“अर्धा का नाही?”

“अर्ध्यात मला देवाला फसवल्यासारखं वाटलं असतं.”

“मग फूटभर?”

“फूटभर ठेवली तर टेबलक्लॉथ मध्येच लोंबेल.”

म्हाताऱ्याने वाकून दोन्ही टेबलांच्या कडांवरून बोट फिरवलं. मलिंडाने आपला काळा एप्रन चुरगाळून बोळा केला होता. अखेर बिशपनी खुर्चीवरचा पांढरा टेबलक्लॉथ उचलला आणि त्याचं एक टोक जेकच्या हातात दिलं. “धर नीट. सरळ बसला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, एस्थर आली. गाडी तिने घरच्यांचा मान राखून लांब रस्त्यावरच ठेवली आणि शेत तुडवत चालत आली. ती फटीच्या पलीकडे बसली, सूझी आणि आईबाप अलीकडे. मान खाली घालून सगळ्यांनी मूक प्रार्थना केली. पाहुण्यांच्या बाकावरून गिरिजा काकूंनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर कुणीच नव्हतं.

“बटाटे दे गं,” सूझी सवयीने म्हणाली. एस्थरने वाडगं उचललं, आणि हात अधांतरी थांबला. तिच्या हातून कुणी घेणार नव्हतं, तसा नियमच होता. मग तिने हळूच वाडगं खाली ठेवलं, नेमकं मधोमध, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. ते जरासुद्धा डुगडुगलं नाही. दोन्ही टेबलांच्या उंचीत सुताचाही फरक नव्हता.

जेकच्या ताटात आधीच बटाटे होते. तरी सगळ्यांत आधी त्यानेच हात पुढे केला आणि वाडग्यातून वाढून घेतलं. मग मिठाची बाटली उचलून भुरभुरवायला लागला.

“डॅट!” पलीकडून एस्थर ओरडली. “ब्लडप्रेशर किती आहे तुझं? ठेव ती बाटली खाली!”

जेकने मुकाट्याने बाटली ठेवली. अकरा वर्षांनी त्याची लेक त्याला जेवताना रागावली होती.