कमळचं गुपित मी फोडलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं न्हाय. नवऱ्याला न्हाय, आईलाही न्हाय. मग तुम्हालाच का? — माहीत न्हाय. स्वतःची किळस येते, एवढं खरं.

बेळगावात मी नर्सिंगच्या पोरींना शिकवते. एम.एस्सी.ला माझा संशोधनाचा विषय होता — गरीब वस्तीतल्या बायकांची व्यसनं आणि मनाचं दुखणं. केवढा थाट! निपाणीच्या एका गल्लीत, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांच्या दारोदार मी पांढरा कोट घालून हिंडायची. मिश्री लावता का? झोप लागते का? आम्ही त्यांना काय म्हणायचो ठाऊक आहे? सॅम्पल. रक्त-लघवीसारखं.

त्या गल्लीत सगळ्यांत वडीलधाऱ्या थोरल्या आक्कांनी होकार दिल्याशिवाय एकही सून तोंड उघडायची न्हाय. आणि आक्का काही केल्या हलेनात. मला तर पदवीची घाई.

कमळ आक्कांचीच सून. एकदा मागच्या दारी ती आपणहून बोलली. पोटातलं बाळ गेल्यापासून चोरून दारू प्यायची. जगावंसं वाटत न्हाय म्हणाली. "घरात कळलं तर माझी पोरगी काढून घेत्याल. सांगू नगा बाई." मी तिचा हात धरून शपथ घेतली. कसली नर्स मी!

तिथून त्याच घराच्या पुढच्या दारी आले, तर आक्कांनी खुर्ची दिली, चहा दिला. "काय म्हणली गं सून?"

मला कुणी मारत होतं? धमकावत होतं? छे! आक्का खूश झाल्या की गल्ली उघडेल — एवढ्याच हावेपोटी मी, काळजीचा सूर लावून, सांगून टाकलं. पिते ती, लक्ष ठेवा.

आठवड्यात कमळची रवानगी माहेरी, चिकोडीला. पोरगी ठेवून घेतली. आणि गल्लीतली दारं? सगळी उघडली! मी निर्लज्जासारखी घरोघर चहा पीत फिरले. ती पोर आईला शोधत अंगणात रडायची, तेव्हा मी मान खाली घालून पुढचा प्रश्न विचारायची. पदवी मिळाली. पेढे वाटले.

मागच्या साली चिकोडीच्या स्टँडवर कमळ भेटली. पार वाळलेली. पोरीला अजून भेटू देत न्हाईत. शेजारणीनं चुगली केली असं तिला वाटतं, त्या शेजारणीला लई शिव्या घातल्या. मग माझा हात धरून म्हणाली, "त्या गल्लीत तुम्हीच तेवढ्या माझ्या होता, बाई."

मी म्हणाले, "व्हय गं."