उंबऱ्यावरची कॉफी

बर्फाच्या कारखान्यात ज्याचं उभं आयुष्य गेलं, त्याला घरच्या फ्रिजमधला बर्फ आवडू नये हे समजण्यासारखं आहे. त्याने तो बर्फ मानूच नये, हे जरा जास्त होतं. गल्ली त्यांना बर्फकाका म्हणे. ट्रेमधले पांढरट ठोकळे पाहून ते म्हणत, "हे नुसतं गोठलेलं पाणी आहे." बर्फ म्हणजे आणखी काय असतं, हे विचारायच्या फंदात बायको पडत नसे. कारण ते सांगायला लागत.

सांगायचं ते असं: कारखान्यात पाण्याने भरलेले उंच लोखंडी डबे मिठाच्या गारढोण पाण्यात बुडवून ठेवत. प्रत्येक डब्यात एक बारीक नळी, आणि तिच्यातून हवेचे बुडबुडे. पाणी हलतं राहिलं की लादी काचेसारखी निघे. हवा बंद पडली की तिचं पोट पांढरं. लाद्यांचं खातं बर्फकाकांचं. भिंतीपलीकडे मिठाचं पाणी गार ठेवणारं मोठं यंत्र, आणि यंत्रावर त्यांचा मित्र. त्याला सगळे इंजिन म्हणत; यंत्रामुळे, आणि एकदा सुरू झाला की थांबत नसे म्हणूनही.

इकडे बोटं आखडत, तिकडे घामाच्या धारा. मधे एक जाड दार. यंत्र बसवायला आलेला कुणी फिटर कॉफीचं एक छोटं भांडं मागे विसरून गेला होता. खाली पाणी, मधे पूड; शेगडीवर ठेवलं की वाफेच्या जोराने काळीकुट्ट कॉफी वरच्या कप्प्यात चढायची. शेगडी इंजिनच्या खोलीत, म्हणून भांडं तिकडे. बर्फ इकडे. इंजिनला कॉफी गार हवी, बर्फकाकांना कढत. मग दार अर्धं उघडून उंबऱ्यावर दोन पेले मांडायचे, एकात लादीचा टवका, दुसऱ्यात काही नाही. वरून कॉफी पडली की टवका तडकायचा आणि इंजिन म्हणायचा, "बोलला." ड्युटी सोडून गेल्याचा ठपका कुणी ठेवू शकत नव्हतं. प्रत्येकाचा एक पाय आपापल्या खोलीत होता.

पुढे कारखाना बंद झाला, कारखाने होतात तसा. शेवटच्या दिवशी इंजिनने भांडं बर्फकाकांच्या हातात कोंबलं. "माझ्याकडे बर्फ कुठाय? ठेव तुझ्याकडेच." मग तो मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेला. आधी त्याचे फोन यायचे, मग मुलाचेच यायला लागले.

"काका, रविवारी बाबांना घेऊन येऊ का? पण ते ओळखतील असं नाही हं. परवा मला प्लंबर समजून गळका नळ दाखवला."

"मग?"

"मग काय, दुरुस्त केला."

बर्फकाका हसले. फोन ठेवला आणि मनात हिशोब मांडला. मुलाला विसरला असेल, मुलगा नंतरचा. आपण आधीचे. आपल्याला ओळखेल. या हिशोबावर त्यांनी रविवारची तयारी सुरू केली.

घरी हवेची नळी नव्हती. सहलीला न्यायचा छोटा, जाड भिंतींचा आइसबॉक्स त्यांनी पाण्याने भरला आणि झाकण काढून फ्रीझरमध्ये ठेवला. बाजूंनी थंडी शिरत नाही, पाणी फक्त वरून गोठत जातं, आणि सगळा पांढरेपणा तळाशी उरतो. तळ गोठायच्या आत बाहेर काढायचं, बस्स. मटाराच्या पिशव्या शेजारणीकडे आश्रयाला गेल्या.

"पाहुणा एक, आणि बर्फ वरातीला पुरेल एवढा," बायको म्हणाली. "आणि हे बघा, आल्या आल्या 'ओळखलंस का' म्हणून त्याला धारेवर धरू नका. परीक्षा नाहीये ती."

"मी कशाला विचारू?"

"तुम्ही सकाळपासून आरशासमोर विचारताय."

त्यांची मुलगी कॉफीच्या दुकानात कामाला होती. ती भांड्याकडे बघून म्हणाली, "बाबा, खरा एस्प्रेसो मशीनमधून निघतो. हा त्याचा चुलतभाऊ."

"चालेल. नात्यातला आहे ना."

रविवारी इंजिन मुलाबरोबर आला. अंगाने निम्मा, भांग व्यवस्थित. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "घर छान आहे तुमचं."

तुमचं. पन्नाशी उलटल्यावरही ज्याने 'अरे बर्फ्या' खेरीज हाक मारली नव्हती, त्याच्या तोंडचं ते 'तुमचं' ऐकून बर्फकाका स्वयंपाकघरात गेले. पूड सैल भरली, दाबली नाही. आच मंद. भांडं खुदखुदायला लागताच उतरवलं. नंतर येते ती नुसती कडू. साखर गरम कॉफीतच विरघळवली, गार झाल्यावर ती ऐकत नाही. बायकोच्या पेल्यात बर्फावर आधी दूध आणि वरून कॉफी, म्हणजे दोन रंग दिसतात. इंजिनच्या पेल्यात फक्त मोठा टवका. त्यावर त्यांनी कॉफी त्याच्यासमोरच ओतली. टवका तडकला.

इंजिन काही म्हणाला नाही. पेला उजेडाकडे धरून बघत राहिला.

"कुठल्या कारखान्याचा?"

"घरीच केला."

"थापा मारू नका. घरच्या बर्फाचं पोट पांढरं असतं." त्याने घोट घेतला. "आमच्याकडे एक होता, असा बर्फ काढायचा."

मुलगा पुढे वाकला. बायको दारात येऊन थांबली.

"कामाला कसा होता?" बर्फकाकांनी विचारलं.

"एक नंबर झोपाळू. डब्यांना टेकून डुलक्या काढायचा. साहेब त्याच्याकडे निघालेले दिसले की मी झडप जराशी आवळायचो. यंत्राचा सूर बदलला की हा ताडकन उठून उभा."

बर्फकाकांनी आपला पेला खाली ठेवला. साहेबांची चाहूल आपल्याला झोपेतही लागायची, हे त्यांनी घरात, गल्लीत, दोन लग्नांत आणि निरोपसमारंभाच्या भाषणातसुद्धा सांगितलं होतं. बायकोने तोंडाला पदर लावला.

"त्याला सांगितलं नाहीत कधी?"

"कशाला? त्याला वाटायचं, आपले कान तिखट आहेत. वाटू दे." इंजिनने बर्फ पेल्यात फिरवला. "कुठे असतो कोण जाणे. तुमच्या ओळखीचा आहे का?"

'मीच तो' हे शब्द तोंडाशी आले होते. बर्फकाकांनी मित्राच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो कुणा अनोळखी माणसाला आपल्या दोस्ताबद्दल सांगत होता, आणि मजेत होता.

"आहे," ते म्हणाले. "इथेच असतो."

"झोपतो अजून?"

"दुपारचा. रोज."

"मग बरा आहे," इंजिन म्हणाला, आणि यंत्रात एकदा उंदीर शिरला होता ती हकिगत सुरू केली. ती बर्फकाकांना तोंडपाठ होती. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "मग पुढे काय झालं?"