तारीख पुढे गेली

माझ्या नवऱ्याने न्यूअर्कच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, त्या दिवशी मला वाटलं होतं की त्याला तिथूनच आत नेतील. म्हणून मी पर्समध्ये त्याचे लोकरी मोजे घेऊन गेले होते. पण जज्जबाईंनी शिक्षेसाठी काही महिन्यांनंतरची तारीख दिली, 'हॅव अ नाइस आफ्टरनून' म्हणाल्या आणि पुढची केस पुकारली. आम्ही दोघं बाहेर येऊन फुटपाथवर उभे राहिलो.

"आता?" मी विचारलं.

"आता भूक लागलीय," तो म्हणाला.

मला इतका राग आला होता, की मी त्याला समोशाच्या दुकानासमोर गाडीतच बसवून ठेवलं आणि एकटीने आत जाऊन खाल्ले. मग त्याच्यासाठीही दोन बांधून घेतले.

तो हॉस्पिटलांना मशिनं भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत फायनान्स मॅनेजर होता. कधी पाठवलीच नव्हती अशा मशिनांची बिलं त्याचा बॉस लावायचा आणि हा निमूटपणे सही करायचा. चौकशी करणारे लोक पार्सिपनीला आमच्या दारात आले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पुढे कित्येक आठवडे मी त्याच्याशी दूध आणि कचऱ्याचा डबा या दोनच विषयांवर बोलत होते. कबुलीबरोबर त्याने बॉसविरुद्ध साक्ष द्यायचंही मान्य केलं होतं. म्हणजे बॉसचा खटला संपल्याशिवाय याला शिक्षा होणार नव्हती, आणि बॉसचे वकील खटला उभाच राहू देत नव्हते.

हे आमच्या समोरच्या घरातल्या मावशींना कोण सांगणार? पहिली तारीख जवळ आली तशी त्यांनी निरोपाचं जेवण ठेवलं. पुरणपोळ्या, कटाची आमटी, सगळं साग्रसंगीत. मित्रमंडळी जमली. एका काकांनी भाषण केलं आणि शेवटी त्यांनाच रडू आलं. कुणी शब्दकोड्यांची पुस्तकं दिली, कुणी थंडीचे थर्मल कपडे. आणि तारखेच्या आदल्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. तारीख पुढे गेली.

त्या शनिवारी तो ड्राइव्ह-वेवर पानं गोळा करत होता. भाषणात रडलेले ते काका समोरून फिरत आले. क्षणभर थांबले.

"अरे, तू अजून इथेच?"

"हो काका. सॉरी."

तो 'सॉरी' म्हणाला ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू आलं. मी ओट्याला टेकून हसत सुटले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते. तो पानं ओढायचं दाताळं घेऊन तसाच आत आला, काय झालं म्हणून विचारायला लागला, आणि मला बोलताच येईना.

दुसऱ्या तारखेला मावशींनी श्रीखंड केलं. तीही पुढे गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, "हे बघ, तू आधी जा. मग जेवायला घालते."

त्याचा पासपोर्ट जमा होता आणि न्यू जर्सीबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती. इतक्या वर्षांत आम्ही ग्रँड कॅन्यन पाहिला, नायगारा तर भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर पाहिला. पण न्यू जर्सी म्हणजे आमच्या लेखी विमानतळ आणि एडिसनची किराणा दुकानं. त्याची नोकरी गेलेली, माझी घरून. एका शुक्रवारी मीच म्हटलं, "चल, निदान हे राज्य तरी बघून घेऊ."

आणि मग आम्हाला वेडच लागलं. शनिवार उजाडला की डबा भरायचा आणि निघायचं. डेलावेअरच्या खाडीवर टोप उपडा घातल्यासारखे दिसणारे खेकडे लाटांनी उलटे पडलेले असतात, ते सरळ करत आम्ही किनाराभर वाकून चाललो. क्रॅनबेरीच्या मळ्यात पाणी सोडलेलं असतं, तिथे रबरी विजारी चढवून कमरेपर्यंत लाल फळांत उभे राहिलो. मुलगी दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला नोकरी करते. तिला फोटो पाठवला, तर तिचा लगेच फोन. "मॉम, आर यू गाइज ऑन अ हनीमून? डॅड इज गोइंग टु प्रिझन!"

"हो गं," मी म्हटलं, "पण आज नाही."

एकदा उन्हाळ्यात डेलावेअर नदीवर गेलो. पलीकडचा काठ पेनसिल्व्हेनियाचा. पाणी उथळ, लोक आरामात मधल्या खडकांपर्यंत जात होते. हा गुडघाभर पाण्यात जाऊन थबकला.

"राज्याची हद्द पाण्यात नेमकी कुठे असते गं?"

"मध्यावर असेल."

"मध्य कुठून मोजायचा?"

त्याने खरंच वकीलबाईंना फोन लावला. स्पीकरवर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "प्लीज गेट आउट ऑफ द रिव्हर." तो इतक्या घाईने वळला, की घसरून सपशेल पाण्यात बसला. फोन मात्र वर धरलेला. मी काठावर पोट धरून लोळायची बाकी होते.

मग आम्ही ओले कपडे वाळवत खडकावर बसलो. तो म्हणाला, "पहिली सही केली तेव्हा मी तुला सांगणार होतो. त्या दिवशी तू नवीन पडदे लावत होतीस. छान दिसत होतीस. उद्या सांगू म्हटलं."

मी त्याचा शर्ट पिळून पुन्हा उन्हात पसरला. मग म्हटलं, "मला अजून राग आहे."

"माहितीय."

"आणि मजा पण येतेय."

"तेही दिसतंय," तो म्हणाला, आणि मला परत हसू फुटलं.

शेवटी बॉसनेच खटल्याच्या तोंडावर गुन्हा कबूल केला. आता पुढे ढकलायला काही कारणच उरलं नाही. शिक्षेच्या दिवशी कोर्टात एका छोट्या हॉस्पिटलच्या बाई उभ्या राहिल्या. त्या खोट्या बिलांपायी आम्ही एका नर्सला कामावर घेऊ शकलो नाही, असं त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता. त्या पाच मिनिटांत आमच्या सगळ्या शनिवारांची मला लाज वाटली. नवऱ्याने लिहून आणलेलं घडी करून खिशात घातलं, आणि त्यांच्याकडे वळून माफी मागितली. शब्द अडखळले, पण त्याने नजर काढून घेतली नाही.

साक्ष द्यायची तयारी दाखवल्यामुळे जज्जबाईंनी त्याला तुरुंग दिला नाही. काही महिने घरात स्थानबद्ध, घराबाहेर पडला तर लगेच कळवणारा पट्टा पायात, आणि नंतर बरीच वर्षं देखरेख. मला आधी अर्थच लागेना. वकीलबाईंनी हळूच सांगितलं, "ही इज गोइंग होम." मी रडायला तोंड उघडलं आणि त्यातून हसूच बाहेर पडलं, चांगलं मोठ्याने. जज्जबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली.

पट्टा बांधायला आलेल्या अधिकाऱ्याने त्याला घरभर चालायला लावलं. गॅरेज चालेल, पोस्टाच्या पेटीपर्यंत नाही. मुलगी रजा टाकून आली होती. ती त्याच्या मागे मागे फिरत होती, आणि मध्येच दोघंही खिदळायला लागले, तसा तो अधिकारीही गालात हसला.

दुसऱ्याच आठवड्यात माझं घरून काम बंद झालं आणि ऑफिसात जायला लागलं. एका मीटिंगमध्ये असताना याचा फोन.

"हॉलला पिवळा की हिरवा?"

"कसलं पिवळा-हिरवा?"

"रंग गं. घरी बसलोच आहे तर देतो. पोरीने दोन्ही डबे आणून ठेवलेत."

"पिवळा," मी म्हटलं, आणि समोरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

संध्याकाळी दार उघडलं तर तीन भिंती हळदीसारख्या झगझगत होत्या. मुलगी शिडीवर, तो जमिनीवर फतकल मारून खालची पट्टी रंगवत होता. केसांत रंग, कानावर रंग, आणि पायातल्या काळ्या पट्ट्यावर एक लांबलचक पिवळा ओघळ.

"हे पुसलं तर चालतं का, विचारायला हवं," तो म्हणाला.

मी पर्स खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि दुसरा ब्रश घेतला.