लॅबच्या दारावरचा पुठ्ठा

नव्या पालकांना शाळेची ओळख करून देणारी पुस्तिका दर वर्षी मीच लिहितो. मथळे ठरलेले असतात: शाळेची मूल्ये, उपक्रम, विद्यार्थ्यांना मदत. मी कॉमर्सचा माणूस, शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क. दिलेल्या मथळ्याखाली मजकूर बसवायचे काम मी इतकी वर्षे बिनबोभाट केले. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. यंदा मात्र तिसऱ्या मथळ्यापाशी गाडी अडली. तिथे जे लिहायला हवे ते चार ओळींत मावेना. ते काचमामांबद्दल होते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

काचमामा म्हणजे आमच्या सायन्स लॅबचे परिचर. बीकर, टेस्ट ट्यूब, बुरेट, जे काही काचेचे असेल ते धुणे, पुसणे आणि जागेवर लावणे हे त्यांचे काम. दहावीला ते विज्ञानातच नापास झाले. मग एका औषध कारखान्यात चार वर्षे बाटल्या धुतल्या आणि तिथून आमच्याकडे आले. "ज्या विषयानं मला बाहेर काढलं, त्याच्याच घरात येऊन राहिलोय," असे ते हसत सांगतात. मामी एकदा शाळेत आल्या होत्या. चकाकणाऱ्या काचेची कपाटे पाहून त्या म्हणाल्या, "घरी स्वतःचा कप विसळताना हात दुखतो यांचा!" मामा खिडकीबाहेर बघत राहिले.

आमची शाळा शहराच्या टोकाला, शेवटच्या बस थांब्याच्या थोडी अलीकडे आहे. समोर लाकडाची वखार आहे, त्यामुळे पहिल्या तासाला भुशाचा वास येतो. फाटकाशेजारच्या भिंतीवर आमची मूल्ये मोठ्या अक्षरांत रंगवली आहेत: वक्तशीरपणा, प्रामाणिकपणा, आपुलकी. पेंटरने जागेचा अंदाज चुकवला. फाटक उघडले की त्याचा पल्ला तिसऱ्या शब्दावर येतो आणि तो झाकला जातो. मी दोनदा तक्रार लिहिली. मामा म्हणाले, "राहू द्या भाऊसाहेब. फाटक बंद झाल्यावर जो बाहेर राहतो, त्याला तो नेमका दिसतो."

शाळा सात दहाला भरते. उशिरा आलेली मुले पूर्वी हॉलमध्ये बसायची. बारा वर्षांपूर्वी हॉलला रंग देत होते, तेव्हा मी एका पुठ्ठ्यावर लिहिले, "उशिरा येणाऱ्यांनी पहिला तास संपेपर्यंत लॅबमध्ये थांबावे," आणि तो लॅबच्या दारावर लावला. आठ दिवसांत रंगकाम संपले. पुठ्ठा काढायचा मी विसरलो. माझ्या सबंध नोकरीत लावलेली आणि वेळेवर न काढलेली सूचना ही एवढीच. मुले लॅबमध्ये येत राहिली. नुसती बसवून काय करायची, म्हणून मामांनी त्यांच्या हातात ब्रश दिले.

मामांची एक रीत आहे. उशीर का झाला, हे ते कधीच विचारत नाहीत. एकाने नळी धुवायची, दुसऱ्याने उजेडाकडे धरून बघायची. काच खरोखर स्वच्छ असेल तर पाणी तिच्यावर एकसारखे पसरते. कुठे तेलकटपणा राहिला असेल तर तिथे थेंब धरते. "थेंब दिसतोय? परत घास," एवढेच ते म्हणतात. हात कामात असले आणि समोरचा तोंडाकडे बघत नसला की मुले आपणहून बोलू लागतात. कुणाचे घरी भांडण झालेले असते, कुणाला फळ्यावरचे दिसत नसते. मामा ऐकतात आणि दुपारी समुपदेशक बाईंच्या कानावर घालतात; मात्र आधी त्या मुलाला विचारून. आज आमच्याकडे चष्म्यांची सोय आहे, आठवीच्या मुलांना दहावीची मुले गणित शिकवतात, मधल्या सुट्टीत बाईंची खोली उघडी असते. हे सगळे मी पुस्तिकेत "उपक्रम" म्हणून छापतो. यातल्या निम्म्या गोष्टींची सुरुवात लॅबच्या मोरीपाशी झाली, हे मात्र छापलेले नाही.

या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या. बाई शिस्तीच्या, पण मनाने सरळ. उशिरा येणाऱ्यांची संख्या पाहून त्यांनी नियम केला: एका सत्रात वीसहून जास्त वेळा उशीर झाला, तर पालकांना पत्र पाठवायचे, मुलाला जवळच्या दुसऱ्या शाळेत घाला आणि दाखला घेऊन जा, असे. यादी मी केली. सर्वांत वर नववीतली एक मुलगी होती. एकेचाळीस वेळा उशीर. तिला मामा "मिनिटकाटा" म्हणत. वर्गात तिचा नंबर पहिल्या पाचांत असायचा. पत्र मी टाइप केले, सही घेतली आणि टपालाच्या ट्रेमध्ये ठेवले.

दुसऱ्या दिवशी मिनिटकाट्याने माझ्या टेबलावर स्वतःच्या घराचा पत्ता असलेले पाकीट पाहिले असावे. दुपारी काचमामा कार्यालयात आले आणि चक्क खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते.

"भाऊसाहेब, ते पत्र आज पाठवू नका."

"मामा, नियम आहे. आणि सही झालीय."

"सही कुठे पळून जाते का?"

"कारण सांगा, मी बाईंकडे जातो."

"कारण मला माहितीय. पण पोरीला शब्द दिलाय, मी कुणाला सांगणार नाही."

"मग मी काय करू? तुमच्या तोंडाकडे बघून पत्र फाडू?"

"माझ्या तोंडाकडे कशाला? तुमच्या रजिस्टरकडे बघा. ती आली किती वाजता, ते लिहिता ना तुम्ही?"

लिहितो. कॉमर्सची सवय आहे. रजिस्टर उघडून मी तिच्या नावासमोरच्या वेळा वाचत गेलो. सात एकोणीस. सात वीस. सात एकोणीस. सात एकोणीस. सात एकवीस. पाने उलटत गेलो तरी तेच. शेजारच्या नावांसमोर मात्र सात तेरा, सात चाळीस, आठ पाच, असा सावळा गोंधळ होता.

"आळशी पोर रोज वेगळा उशीर करतं," मामा म्हणाले. "रोज मोजून नऊ मिनिटं उशीर होतो, त्याचं घरी काहीतरी ठरलेलं काम असतं. हे मी सांगितलं नाही हां. तुम्ही वाचलंत."

एकेचाळीस ही बेरीज मी केली होती. मात्र ज्यांची बेरीज केली ते आकडे वाचले नव्हते. मी पाकीट ट्रेमधून काढले, रजिस्टर काखेत मारले आणि बाईंच्या खोलीत गेलो. बाईंनी दोन पाने वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तिला इथे बोलवू नका. इथे ती बोलणार नाही. आपणच लॅबमध्ये जाऊ."

पत्राचे काय झाले ते कळेपर्यंत मुलगी तिथेच थांबली होती, नळ्या घासत. मुख्याध्यापिकांना पाहून तिच्या हातातली नळी सुटली. मामांनी ती अलगद झेलली. "काही नाही गं पोरी, बाईंना पण धुवायच्यात," ते म्हणाले. आणि बाईंनी खरोखरच ब्रश घेतला.

तीन नळ्या धुऊन झाल्या. चौथी उजेडाकडे धरून मुलगी म्हणाली, "मॅडम, पत्र घरी गेलं तर आईला कळेल."

"काय कळेल?"

"शाळा सात दहाला भरते, हे. मी तिला साडेसात सांगितलंय."

मग तिने सगळे सांगितले. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात रात्रपाळीला असते. वडील नाहीत. धाकटा भाऊ चार वर्षांचा, त्याला एकटे ठेवता येत नाही. आईची बस सातला थांब्यावर येते. आई घरी पोचली की हिने निघायचे. खरी वेळ कळली तर आई ती पाळी सोडेल, आणि ती पाळी तिला फार खटपटीने मिळाली होती. "मला दुसऱ्या शाळेत नका पाठवू," ती म्हणाली. "जवळची म्हणतात, तरी तिथे बसने जावं लागतं. मग मला सातच्याही आधी निघावं लागेल. शाळाच सुटेल माझी." एवढे बोलून ती पुन्हा नळी घासू लागली. नळी केव्हाच स्वच्छ झाली होती.

बाई म्हणाल्या, "पत्र जाणार नाही. पण आईला मी भेटणार. तू खोटं बोललीस ते बोललीस. आता ते किती दिवस सांभाळत बसशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली, कडेवर मुलगा, अंगात कामावरचा निळा झगा. मामांनी तिला लॅबमध्येच स्टूल दिले आणि पोराच्या हातात एक प्लास्टिकचे नरसाळे. बाईंनी हळूच सुरुवात केली, "शाळेच्या वेळेबद्दल तुमच्या मुलीने तुम्हाला..."

"सात दहा," आई म्हणाली. "फाटकावर लिहिलंय की ठळक. मला वाचता येतं, मॅडम."

मुलगी आईकडे बघतच राहिली.

"हिला वाटतं मला ठाऊक नाही. वाटू दे म्हटलं, नाहीतर बसेल काळजी करत. मी थांब्यापासून घरापर्यंत रोज पळत येते. दहा मिनिटांची वाट, पाचात येते. त्याहून जास्त पळवत नाही हो आता."

"आई, तू पळत येतेस?"

"मग काय, पालखीत बसून येऊ? आणि तू तरी चालत जातेस का? चप्पल बघ ती, टाच राहिली नाही."

मायलेकी दोघी हसल्या, आणि मग दोघींनी एकदमच डोळे पुसले. बाईंनी खिडकीची काच उगाचच न्याहाळली. मी रजिस्टरमध्ये डोके घातले. मामा तेवढे नळ्या लावत होते.

निर्णय तिथेच झाला. ज्यांच्या घरी लहान भावंडे किंवा आजारी माणूस आहे, त्या मुलांची वेळ साडेसात. तोवरचा बुडलेला भाग पहिल्या तासाचे शिक्षक मधल्या सुट्टीत भरून देतील. बाकी कुणाला उशीर झाला, तर पत्राआधी लॅब. पत्राचा नियम त्यानंतर. "आणि तो दारावरचा पुठ्ठा," बाईंनी मला विचारले, "कुठल्या क्रमांकाची सूचना आहे ती?"

मला खरे सांगावे लागले. क्रमांक नव्हता, तारीख नव्हती, शिक्का नव्हता. आठ दिवसांसाठी लावला होता, काढायचा राहिला.

"मग रीतसर करा," त्या म्हणाल्या. आता हसू लपवत नव्हत्या.

त्याच दुपारी मी नवी सूचना टाइप केली, तिला जावक क्रमांक दिला, शिक्का मारला आणि चार खिळे घेऊन लॅबच्या दाराशी गेलो. काठ कुरतडलेला तो पिवळा पुठ्ठा काढून नवा कागद ठोकला. मामा आत मोरीपाशी उभे होते. आधी त्यांनी सूचना वाचली आणि मग माझ्याकडे पाहिले.

"बारा वर्षं उशीर झाला की हो, भाऊसाहेब."

"झाला खरा," मी म्हणालो.

"मग? नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी ब्रश पुढे केला.

मी बाह्या वर केल्या. पहिल्या नळीवर थेंब धरला. मामांनी नुसते बोट दाखवले. मी परत घासली. शेजारी मिनिटकाटा हातात फडके घेऊन उभी होती. तिने माझ्या हातातली नळी घेतली, खिडकीकडे धरली, डोळा बारीक करून नीट पाहिली आणि स्टँडमध्ये लावली.

"चालेल," ती म्हणाली. "दुसरी घ्या."