हळदकुंकवाची जागा

दाजींनी त्यांची नाव मला विकली तेव्हा एकच गोष्ट बजावून सांगितली. "जुना रंग सगळा खरवडून काढ. फक्त नावेच्या टोकाखाली हळदकुंकू लावतो तिथं खरवडायचा पत्रा लावू नको. देवाची जागा हाय."

हे मला सांगायची गरजच नव्हती. विष्णुपुरी धरणाच्या काठावर आमच्यात नाव पाण्यात उतरवण्याआधी दरवर्षी तिथं पूजा होते आणि त्या वीतभर जागेला कुणी खरवडत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मला जाळं फेकायला त्यांनीच शिकवलं. आता पक्की नोकरी लागली म्हणून ते मासेमारी सोडत होते. त्यांच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

नाव पालथी घातली. शेवाळ धरू नये म्हणून बुडाला मारलेला तांबडा रंग थरावर थर चढून भाकरीएवढा जाड झाला होता. मी आणि बायको चार दिवस उकिडवं बसून तो खरवडत होतो. नाकातोंडात तांबडी भुकटी, बोटांना फोड. शेवटी बायको म्हणाली, "तेवढंबी काढून टाकू की. पूजा काय, नव्यानं करता येती." मी तिच्यावर खेकसलो. मला शहाणपण शिकवू नको म्हणालो. त्या खेकसण्याची अजून लाज वाटते.

नवा रंग वाळला, नारळ फोडला, नाव पाण्यात घातली. धरणाच्या मध्यावर पोचतो न पोचतो तोच बायकोचे पाय पाण्यात बुडाले. तिला पोहता येत नाही. ती जेवणाच्या डब्यानं पाणी उपसत राहिली, मी जिवाच्या आकांतानं वल्हवत राहिलो. काठाला लागेपर्यंत तिचा डबा थांबला नाही.

नाव पुन्हा पालथी केली आणि मीच देवाच्या जागेवर पत्रा चालवला. हळदीखाली रंग, रंगाखाली भेगा बुजवायची लांबी भरलेली, आणि लांबीखालची फळी इतकी कुजलेली की बोट आरपार गेलं. देवाला पुढं करून मला फसवलं होतं. अंगाची नुसती लाहीलाही झाली.

तसाच बहिणीच्या घरी गेलो. दाजी कामावर होते. कुजक्या फळीचा तुकडा तिच्यापुढं टाकला आणि झालेलं सगळं सांगितलं. मला वाटलं, ही आता नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धरेल. ती खाली बघत पदराशी चाळा करत राहिली.

"त्यांना लई भ्या वाटून राहिलं हुतं, तू खरवडशील म्हणून," ती म्हणाली. "मीच म्हणलं, घोर करू नका. माझा भाऊ हाय तो. देवाच्या जागेला हात लावणार न्हाई."