कॉलरवरच्या खुणा

माझं लाँड्रीचं दुकान आहे आणि माझ्या पोरीला धुणं येत नाही. हसा, खुशाल हसा. चूक माझीच आहे. सोड्यानं माझ्या हातांची सालं निघाली, तेव्हाच ठरवलं होतं, हिचा हात बादलीत बुडू द्यायचा नाही. बायको कानीकपाळी ओरडायची, "अहो, निदान स्वतःचे कपडे तरी धुऊ द्या तिला!" पण ऐकेन तो मी कसला! पोरगी दुकानात यायची ती फक्त खुणा करायला. कुणाचा शर्ट कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून आम्ही कॉलरच्या आत शाईने बारीक खूण करतो. ते काम मात्र ती झोकात करायची.

यंदा ती कॉलेजला गेली, हॉस्टेलवर राहायला लागली. मळके कपडे मात्र अजूनही गाठोडं बांधून दुकानातच यायचे. परवा रविवारी, ऐन गर्दीत तिचा फोन.

"बाबा, घोटाळा झालाय."

"पटकन बोल, इस्त्री तापलीय."

झालं होतं असं. सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा. पांढरा कोट स्वच्छ नसेल तर दारातूनच परत. लाँड्रीवाल्याची मुलगी म्हटल्यावर खोलीतल्या तिघींनी आपापले कोट हिच्या गळ्यात मारले. हिनेही "आणा इकडे" म्हणत ऐट मिरवली. जन्मात पहिल्यांदा कपडे धुणार, पण सुरुवात कशी, तर अगदी दुकानासारखी! चारही कॉलरांवर खुणा केल्या. आमची शाई धुण्यात जात नाही. हिने घेतलं वहीत लिहायचं शाईपेन. वर कोट एकाच बादलीत भिजवले. चारही गळे निळे!

"अगं बये, एवढंही कळू नये?" मी असा खेकसलो की समोरचं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं.

"नंतर ओरडा हो बाबा. त्यांची परीक्षा बुडेल." आवाज रडवेला झाला होता. माझा राग कुठल्या कुठे पळाला.

"बरं, ऐक. एकेक कोट घे. चोळायचं नाही, गरम पाणी नाही. कॉलर उलटी करून नळाखाली धर. निळं पाणी थांबेपर्यंत हलायचं नाही. मग हलक्या हाताने साबण, मग पुन्हा धार."

फोन खांद्याशी धरून मी इस्त्री करत होतो, ती तिकडे धूत होती.

"बाबा, हात चुरचुरतायत."

"चुरचुरणारच! साबण आहे तो, लोणी नाही."

तिसऱ्या कोटानंतर फोन कट झाला. मग मी केला, तर लागेना. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सोमवारी दुपारी एकदाचा तिचा फोन आला.

"झाली परीक्षा! तिघींचे कोट पांढरेशुभ्र होते."

"आणि तुझा?"

"माझ्या वेळेला नळच गेला. बाईंनी दारात अडवलं. सगळं खरं सांगितलं तेव्हा खूप हसल्या. दोन मार्क कापले, पण आत घेतलं."

"अगं वेडे, मग आधी स्वतःचा धुवायचास ना!"

"असं कसं बाबा? गिऱ्हाइकाचे कपडे आधी."

 "घे, तूच ऐक!" म्हणत मी फोन बायकोच्या हातात दिला.