बेलोजवाले सर

जिल्ह्यात कुठे काही फुटले की पिंपळशेंडे सर त्या संध्याकाळी घराबाहेर पडत नसत. फोन येणार हे त्यांना ठाऊक असे. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा आणि टेलिफोनला लागून खुर्ची. फोनवर सदरा दिसत नाही, असे त्यांच्या पत्नीने एकदा माझ्यासमोरच त्यांना सुनावले होते. "आवाजात दिसते," असे सरांचे उत्तर होते.

फोन बहुधा आमच्याच दैनिकातून जाई. नव्वदच्या दशकात चंद्रपूरच्या आसपास कोळसा, सिमेंट, कागद आणि वीज यांचे मोठे कारखाने होते. मूल आणि सिंदेवाही या गावांच्या बाजूला धान उकडून तांदूळ काढणाऱ्या लहान गिरण्या वाढत होत्या. जिथे बॉयलर, तिथे वाफ. जिथे वाफ, तिथे कधीतरी अपघात. अपघाताच्या बातमीला शेवटी एक तज्ज्ञ लागतो. कारखान्यातले अभियंते नोकरीच्या भीतीने बोलत नसत. सरकारी अधिकारी चौकशी होईपर्यंत बोलत नसत. पिंपळशेंडे सर लगेच बोलत. तज्ज्ञ म्हणून त्यांची पात्रता एवढीच होती आणि ती पुरेशी ठरली.

ते तंत्रनिकेतनात यंत्र विभागाला शिकवत. त्यांचा खास विषय होता प्रसरण-सांधा. विषय महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. वाफेचा पाइप तापला की लांब होतो. त्या वाढीला जागा मिळाली नाही तर तो आधार उखडतो, जोड उघडतो, नाहीतर स्वतः वाकतो. म्हणून पाइपाच्या वाटेत कुठेतरी दबणारा, लवणारा भाग ठेवावा लागतो. सर वर्गात आले की हजेरीही न घेता सुरू करत : "लिहा. प्रसरण-सांधे पाच प्रकारचे." मग एकेक बोट मिटत जाई. पाइपालाच वळसा देऊन केलेला पहिला. एका पाइपात दुसरा सरकणारा दुसरा. हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा, पातळ पोलादी पत्र्याचा बेलोज हा तिसरा. बिजागरीचा चौथा, रबरी पाचवा. पाइप कुठे घट्ट जखडायचा, कुठे सरकू द्यायचा आणि घड्या किती घ्यायच्या, हा खरा अभ्यासाचा भाग. तो आला की तास संपे.

एका पोराने एकदा विचारले, "सर, तुमी बेलोज पाह्यला काय जी?"

"तू आपलं काळीज पाह्यलं काय? तरी चालून राह्यलं ना?"

वर्ग हसला. हा विनोद पुढच्या प्रत्येक तुकडीला ऐकावा लागला. कोणी विचारले नाही तर सर स्वतःच, "मला कोणी विचारलं, बेलोज पाहिला का," अशी सुरुवात करून तो सांगत. पोरे त्यांना बेलोजवाले सर म्हणत. हा गौरव आहे, अशी सरांची समजूत होती. हजरजबाबीपणा हा त्यांचा एकच गुण कसाला उतरलेला होता. बाकीचे गुण वर्तमानपत्राच्या कात्रणांवर उभे होते आणि ती कात्रणे ते पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवत.

मूल रस्त्यावरच्या एका गिरणीच्या मालकाने ही कात्रणे वाचलेली होती. त्याच्या गिरणीत बॉयलरपासून धान उकडण्याच्या टाक्यांपर्यंत वाफेचा पाइप गेला होता आणि मध्ये त्याला मोठा आडवा वळसा होता. तो वळसा धान वाळवायच्या फरशीवर येत होता. मालकाला फरशी मोकळी हवी होती. सरांनी सल्ला दिला : वळसा काढा, पाइप सरळ न्या, मध्ये बेलोज बसवा. हा सल्ला चुकीचा नव्हता. नोंद म्हणून एवढे लिहून ठेवले पाहिजे.

नागपूरहून बेलोज आला. दोन्ही तोंडांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या त्याला बोल्टने जखडलेल्या होत्या. पट्ट्यांचा रंग भडक पिवळा होता. ट्रकमध्ये हादरे बसून घड्या बिघडू नयेत म्हणून त्या लावतात आणि सांधा जागेवर बसला की काढून टाकतात. पिवळा रंग त्यासाठीच असतो. बसवणाऱ्या ठेकेदाराने सरांना विचारले, "सर, ह्या पट्ट्या काढाच्या का ठेवाच्या?"

सरांनी आयुष्यात प्रथमच समोर आलेल्या बेलोजकडे पाहिले आणि म्हणाले, "वेडा आहेस काय? हे आधार आहेत. नाजूक वस्तू आहे ती. उलट, पिवळं वाईट दिसते, रंगवून घे."

हंगामाच्या सुरुवातीला नारळ फुटला. पाइपाला नवा पत्रा चढवलेला होता आणि मधला सांधा पट्ट्यांसकट चंदेरी रंगात चमकत होता. प्रमुख पाहुणे पिंपळशेंडे सर होते. या भागातल्या गिरण्यांत आता विज्ञान आले, असे ते म्हणाले.

पुढे गिरणी रोज सकाळी तापत होती आणि काम संपले की निवत होती. पाइप रोज लांब होऊ पाहत होता आणि पट्ट्या त्याला होऊ देत नव्हत्या. जो धक्का घड्यांनी पोटात घ्यायचा, तो बॉयलरजवळच्या कोपऱ्यातल्या जोडावर जात होता. काही आठवड्यांनी एका सकाळी तो जोड उकलला. बॉयलरचालक रमेश कोहपरे झडपेपाशी होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जीव कोणाचा गेला नाही.

रमेश हा काही आदर्श कामगार नव्हता. सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात असल्याशिवाय तो बोलत नसे आणि तोंडात असताना फार बोले. पण त्याच्याजवळ बॉयलर चालवण्याचे प्रमाणपत्र होते आणि त्याच्या हातून कधी काही फुटले नव्हते.

सायंकाळी मी सरांना फोन केला. पहिल्या घंटेलाच त्यांनी उचलला. गिरणीचे नाव सांगितल्यावर त्यांनी ते पुन्हा एकदा विचारून घेतले. मग सर बोलू लागले : "चालकाने वाफ एकदम सोडली असणार. थंड पाइपात पाणी साचलेलं असते. वाफ ते पाणी ढकलते आणि हातोड्यासारखा मार बसतो. लिहिलं?"

"तुम्ही जागा पाहिली का, सर?"

"पाहायची गरज नाही. शास्त्र आहे. आणि ते 'असणार' काढा. 'सोडली' लिहा. वाचकाला ठाम लागते."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने तसे छापून आले. वाफ एकदम सोडल्याने असे अपघात होतात, हे खरेच आहे. म्हणून ते सगळ्यांना पटले. मालकाने रमेशला दवाखान्यातच निरोप धाडला की कामावर येऊ नको.

यथावकाश नागपूरहून बॉयलर निरीक्षक आले. मालकाने सरांनाही बोलावून घेतले होते. निरीक्षक कमी बोलणारा माणूस होता. फुटलेला जोड पाहून झाल्यावर त्यांनी शिडी मागवली, बेलोजपाशी चढले आणि वरूनच विचारले, "या पट्ट्या कशाला ठेवल्या?"

"आधार आहेत, साहेब," सर खालून म्हणाले. "बेलोज नाजूक असते."

निरीक्षकांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि पट्टीवर ओढली. चंदेरी पापुद्र्याखालून पिवळा रंग निघाला. "ही वाहतुकीची पट्टी आहे. बसवल्यावर काढायची असते. रंगवली कोणी?"

ठेकेदाराने मालकाकडे पाहिले. मालक म्हणाला, "सरायनंच सांगतलं होतं, साहेब. पिवळं वाईट दिसते म्हणून."

सगळे सरांकडे पाहू लागले. त्यांची करंगळी आपोआप मिटली. "साहेब, हा एक वेगळा प्रकार मानता येईल. पट्टीबद्ध सांधा."

"पट्टीबद्ध सांधा म्हणजे साधा पाइप झाला, सर," निरीक्षक शिडी उतरत म्हणाले. "थोडा महाग पडला."

रमेशच्या प्रमाणपत्राला काही झाले नाही. पट्ट्या न काढल्याने जोड उकलला, अशी बातमी मी दिली. ती आतल्या पानावर चार ओळींत आली. सरांची प्रतिक्रिया घेतली होती : "हे अपेक्षितच होते." पण लोकांच्या लक्षात पहिली बातमी राहिली. रमेश दुसऱ्या गिरणीत काम मागायला गेला की व्यवस्थापक विचारी, "वाफ सोडणारा तूच का तो?" जुन्या मालकाने तर सरळ सांगितले, "पेपरात सर बोल्ले होते. आता सरच म्हनत असतीन का तुही चूक नाई, त मी तुले उद्या घेतो." मालकालाही ती चूक स्वतःच्या अंगावर नको होती, हे उघड होते.

सरांच्या तोंडून एक वाक्य पाहिजे होते. त्यासाठी रमेश आणि त्याची बायको शकुन सरांच्या घरी गेली. सर बोललेच तर छापता यावे म्हणून त्यांनी मला सोबत नेले.

सरांनी कात्रणे काढली नाहीत. खुर्चीत ताठ बसून म्हणाले, "बोला."

शकुन म्हणाली, "सर, एकच गोष्ट बोला. ह्यायची चूक नोती. बस."

"बाई, विज्ञानात चूक कोणाची असं नसते. कारणं असतात. आणि कारणं चार प्रकारची—"

"मंग पेपरात त एकच प्रकार सांगतला तुमी."

सर माझ्याकडे वळले. "यांनी विचारलं, मी सांगितलं. जाहीरपणे काही बोलणार नाही. मी असे शब्द मागे घेत बसलो तर उद्या माझ्या शब्दाची किंमत काय राहील?"

"तुमच्या शब्दाची किंमत आमी भरून राह्यलो, सर. तुमाले काऊन माईत असन?"

त्या दिवशी रमेशच्या तोंडात खर्रा नव्हता. तो म्हणाला, "सर, इंग्रजीत बोल्ले तरी चालते जी. हे पेपरवाले लिहून घेतीन."

सरांची पत्नी दारात उभी होती. "बोलून टाका ना," ती म्हणाली. "एक वाक्य त आहे."

"तू चहा आण."

"आणला. थंडा बी झाला."

सर उठले. "मले शिकवू नका कोनी," असे म्हणून आत गेले. इतक्या वर्षांत वर्गाबाहेर ते मुलाखतीत कमावलेली भाषा सोडून बोलल्याचे मी तेव्हाच ऐकले. ते बाहेर आले नाहीत. सरांच्या पत्नीने शकुनला चहा घ्यायचा आग्रह केला. शकुनने कप हातात घेतला, खाली ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुमी चांगल्या हा." एवढे बोलून ती दोघे निघाली.

पुढल्या हंगामाच्या आधी रमेश बायकोपोरांना घेऊन सिरोंच्याकडे गेला. तिकडे लोक तेलुगू बोलतात आणि आमचे दैनिक तेव्हा तिथवर जात नसे. पिंपळशेंडे सर काय म्हणाले हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. एका गिरणीत त्याला लगेच काम मिळाले.

सर निवृत्त झाले तेव्हा तंत्रनिकेतनाच्या सभागृहात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, माजी विद्यार्थ्यांची भाषणे. उत्तरादाखल सरांनी मूल रस्त्यावरच्या गिरणीची गोष्ट सांगितली. सगळे चालकाला दोष देत होते. आपण शिडी मागवली, वर चढलो आणि खिशातल्या किल्लीने रंग खरवडला, असे त्यांनी सांगितले. खाली उभ्या लोकांचे चेहरे कसे पडले, हेही त्यांनी करून दाखवले. टाळ्या झाल्या. चालकाचे नाव त्यांनी घेतले नाही. ते त्यांना आठवत नव्हते, अशी शक्यता आहे. कार्यक्रमानंतर मी त्यांना गाठून विचारले, "सर, चालकाची चूक नव्हती, हे आता छापू का?"

"गोष्टीतून कळते ते," ते म्हणाले. "बोध वाचकाने घ्यायचा असतो."

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी ते हृदयविकाराने गेले. आमच्या दैनिकाने त्यांना प्रसरण-सांध्यांचे गाढे अभ्यासक म्हटले. त्यांच्या सल्ल्याने बसवलेला तो एक बेलोज सोडला तर जिल्ह्यात त्यांच्या अभ्यासाची दुसरी खूण मला सापडलेली नाही.

त्याच वर्षी गोदावरीच्या नावाड्यांवर लिहायला मी सिरोंच्याला गेलो. रमेशची गिरणी वाटेत होती. तो बॉयलरसमोर उघड्या अंगाने उभा होता. उजव्या हाताची कातडी अजून गुळगुळीत, चकाकती होती. हाताखालच्या माणसांशी तो मोडक्या तेलुगूत मोठ्याने बोलत होता. मला ओळखून हसला, शकुन शेतावर गेल्याचे सांगितले, बसायला पोते दिले. थोड्या वेळाने मी त्याला सर गेल्याचे सांगितले.

त्याने भट्टीचे दार उघडून आच पाहिली. मग त्याने विचारले, "जाताना काई बोल्ले का जी, माह्याबद्दल?"

मी नाही म्हणालो. त्याने मान हलवली आणि फावड्याने जळणाचा कोंडा आत लोटला.